मदत हवी आहे: मुलीला मायोटोनिया कंजेनिटा, रिपोर्टमध्ये क्लोराइड चॅनलचा दोष

खारीगावची

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आता जाणकारांना विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे, १४ वर्षांची. पाचवीत असल्यापासून तिची एकच तक्रार: बराच वेळ बसून उठलं की पाय जखडतात. दुखत नाहीत, फक्त ऐकत नाहीत. पहिली चार पावलं ताठ पडतात, मग मोकळी होते आणि त्यानंतर दिवसभर हिंडवा. हातांचंही तसंच. मध्ये ठाण्याहून वाशी गाडीने ऐरोलीला निघालो होतो. गर्दी होती, तिने वरची कडी गच्च धरलेली. स्टेशन आलं तर बोटं सुटेनात. मी एकेक बोट सोडवत होते तोवर गाडी हलली, मग रबाळ्याला उतरून उलटे आलो.

शाळेत पीटीचे सर म्हणतात नाटकं करते. कारण शिट्टी वाजली की ही जागच्या जागी अडकते आणि थोड्या वेळाने इतर मुलींपेक्षा दोन फेऱ्या जास्त मारते. त्यात पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, त्यामुळे नातेवाईक "पैलवान" म्हणून मोकळे. आधी एका हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वावर बरेच महिने काढले. शेवटी न्यूरॉलॉजिस्ट गाठले. त्यांनी तिच्या तळहाताला, अंगठ्याच्या बुडाशी, छोटी हातोडी मारली. अंगठा आत ओढला गेला आणि तिथेच राहिला, मग सावकाश सुटला. सुईच्या तपासणीत (ईएमजी) मशीनमधून घूंऽऽ असा चढत-उतरत आवाज येत होता. मग रक्त जनुकीय तपासणीला गेलं. रिपोर्ट: सीएलसीएन१ जनुकात बदल, होमोझायगस (म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बदल), मायोटोनिया कंजेनिटा, बेकर प्रकार.

डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर रांग असते, सगळं विचारून होत नाही. क्लोराइड म्हणजे मीठच ना? सासूबाई म्हणतात मीठ वाढव, जाऊबाई म्हणतात बंद कर. गोळ्या आयुष्यभर लागतात का? धाकटा ७ वर्षांचा आहे, त्याची तपासणी करावी का? आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलंय, ते करावं की पुढे ढकलावं?

एक सांगायचं राहिलं. आमचं लग्न नात्यातलं आहे, मी यांच्या मामाची मुलगी. घरात सध्या त्यावरून जे चाललंय ते लिहीत नाही.

पाव_किलो_शेव

जाणकार येतीलच. मी गूगल केलं तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफी आलं, त्यात हृदयावर परिणाम, मोतीबिंदू वगैरे. ताई, काळजी घ्या.

वाशीचा_मास्तर

शेव, असं अर्धवट वाचून कोणाला घाबरवू नका. तो आजार वेगळा. त्यातला नेहमी आढळणारा प्रकार १९व्या गुणसूत्रावरच्या जनुकामुळे होतो. तिथे सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरं वाजवीपेक्षा जास्त वेळा लागोपाठ येतात आणि हृदयासकट बरेच अवयव त्यात सापडतात. गंमत म्हणजे त्यातही स्नायू आखडतात ते क्लोराइड चॅनल नीट तयार न झाल्यामुळेच, पण ती आडवळणाची गोष्ट. ताईंच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये सीएलसीएन१ आहे, ते जनुक ७व्या गुणसूत्रावर. हा आजार स्नायूंपुरता राहतो आणि आयुष्यमान कमी होत नाही.

आता मिठाचं. रक्तात क्लोराइड कमी नसतंच, त्यामुळे मीठ वाढवून किंवा तोडून काहीच होणार नाही. दोष आहे तो क्लोराइडला स्नायूच्या पेशीत ये-जा करू देणाऱ्या वाटेत. अशी वाट म्हणजेच चॅनल, आणि या वाटेला सीएलसी-१ म्हणतात. मज्जातंतूचा हुकूम आला की सोडियम आत घुसतं, स्नायूच्या आवरणावर विजेची लाट धावते आणि स्नायू आकसतो. प्रत्येक लाटेमागे थोडं पोटॅशियम बाहेर येतं आणि तंतूच्या आत शिरलेल्या बारीक नळ्यांमध्ये साचतं. हे साचलेलं पोटॅशियम आवरणाला पुन्हा पेटवायला बघतं. निरोगी स्नायूत तसं होत नाही, कारण स्वस्थ असताना आवरणातून होणाऱ्या विद्युतवहनाचा सुमारे ७० ते ८० टक्के वाटा एकट्या क्लोराइडचा असतो आणि तो सगळं जागेवर आणून बसवतो. दवाखान्याच्या दाराला वर ती आपोआप दार लावणारी पट्टी असते ना, ती निकामी झाली की एकदा ढकललेलं दार हलतच राहतं. तुमच्या लेकीने कडी सोडायचं ठरवलं, मेंदूचा हुकूमही थांबला, तरी स्नायू स्वतःहून सेकंदाला कित्येक वेळा पेटत राहिला. ईएमजीतला आवाज त्याचाच.

हे कळलं कसं, तर बकऱ्यांमुळे. अमेरिकेत टेनेसीत दचकल्या की ताठ होऊन पडणाऱ्या बकऱ्या आहेत. बेशुद्ध होत नाहीत, फक्त आखडतात. १९६०च्या दशकात त्यांच्या स्नायूंवर काम करताना ब्रायंट आणि सहकाऱ्यांना दिसलं की क्लोराइडचं वहन फारच कमी आहे. पुढे १९९० साली जर्मनीत येंच यांच्या गटाने विजेचा धक्का देणाऱ्या टॉर्पेडो माशातून या कुळातलं पहिलं चॅनल वेगळं काढलं, लगेच पुढच्या वर्षी स्नायूतलं, आणि १९९२ मध्ये माणसातला दोष सापडला.

पीटीच्या सरांसाठी एक किस्सा. हा आजार १८७६ साली ज्यांनी सविस्तर लिहिला ते डॉक्टर थॉमसेन स्वतःच रुग्ण होते, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होता. लिहायला बसले ते मुलामुळे. त्याच्यावर सैन्यात जायचं टाळण्यासाठी सोंग करतोय असा आरोप झाला होता.

कोपरी_पूर्व

मी स्वतः रुग्ण. माझा थॉमसेन प्रकार, वडिलांकडून आलेला. त्यात एकच सदोष प्रत पुरते, कारण हे चॅनल दोन भागांच्या जोडीने बनतं आणि बिघडलेला भाग चांगल्यालाही काम करू देत नाही. तुमच्याकडे बेकर, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली. तुम्ही दोघं वाहक, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. नात्यातल्या लग्नात एकाच पूर्वजाकडून आलेला बदल दोन्ही बाजूंनी मुलात एकत्र येण्याची शक्यता वाढते, एवढंच. दोष देणाऱ्यांना हे सांगा की तो बदल तुम्हा दोघांच्या सामाईक आजी-आजोबांपैकी कोणाकडून तरीच आलाय, सूनबाईने माहेरून एकटीने आणलेला नाही. :)

धाकट्याला असण्याची शक्यता ४ त १. बेकर प्रकार साधारण ४ ते १२ वर्षांच्या दरम्यान दिसू लागतो. घट्ट मूठ करून पटकन उघडायला सांगा, डोळे गच्च मिटून उघडायला सांगा. शंका आली तर तपासणी, नाहीतर डॉक्टरांना विचारून सावकाश ठरवा. लेकीच्या लग्नाची वेळ येईल तेव्हा मात्र नात्यातलं स्थळ नको.

बेकरवाल्यांना आणखी एक त्रास असतो, जो मला नाही: बसून उठल्यावर पहिले काही क्षण हातापायात ताकदच नसते. तिच्या हातून वस्तू पडत असतील तर ओरडू नका.

गोळ्यांबद्दल. चॅनल दुरुस्त करणारं औषध वापरात नाही. मेक्सिलेटीन देतात, ते मुळात हृदयाच्या ठोक्यांचं औषध. सोडियमची वाट अडवून स्नायूचं पुन्हा पुन्हा पेटणं कमी करतं. २०१२ साली ५९ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने ताठरपणा कमी झाल्याचं दिसलं. सुरू करण्याआधी ईसीजी हवाच, पोट बिघडतं म्हणून जेवणासोबत. लॅमोट्रिजीन, कार्बामॅझेपीनही देतात. पण रोजच्या कामात अडत नसेल तर गोळीशिवाय चालतं. मी परीक्षा संपल्यावर बंद केली आणि आज ठाणे स्टेशनचा जिना चढताना पहिल्या पाच पायऱ्या कठडा धरतो, बाकीच्या धावत. मोकळं व्हायला वेळ लागतो हे एकदा स्वीकारलं की बरंच सोपं जातं. गाडी यायच्या आधीच फलाटावर येरझाऱ्या घाला, उतरायचं स्टेशन यायच्या आधीच उभं राहा. कडी धरताना मूठ आवळायची नाही, मनगट अडकवायचं.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, नवी मुंबईत. फक्त ऑपरेशनपुरतं लिहिते.

पुढे ढकलायची गरज यामुळे तरी नाही, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजच कळवा, ऑपरेशनच्या सकाळी नको. सक्सामेथोनियम नावाचं स्नायू सैल करणारं औषध आहे. या रुग्णांमध्ये ते उलटं काम करतं: जबडा घट्ट होतो, छाती ताठ होते, नळी घालणं आणि श्वास देणं अवघड होऊन बसतं. ते टाळायचं. दुसऱ्या प्रकारची औषधं चालतात, मात्र त्यांनीही हा ताठरपणा जात नाही, कारण तो स्नायूतच निर्माण होतो, मज्जातंतूकडून येत नाही. शिवाय थंडी आणि कुडकुडणं नको, ऑपरेशन थिएटरचा एसी फार गार असतो. पांघरूण, गरम सलाइन याची आठवण तुम्हीच करून द्या. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि तिच्या मोबाइलमध्ये फोटो ठेवा. उद्या कळव्याच्या नाक्यावर अपघात झाला तर तुम्ही सोबत असालच असं नाही.

पाव_किलो_शेव

माघार घेतो. पण शहाळं, केळी बंद करायची ना? पोटॅशियम म्हणाले मास्तर.

वाशीचा_मास्तर

नाही. पोटॅशियम खाल्ल्याने वाढणारा ताठरपणा सोडियम चॅनलच्या दोषात असतो, जनुक वेगळं. त्या कुळातला पॅरामायोटोनिया तर हालचालीने मोकळा होण्याऐवजी वाढतो आणि गारठ्यात फार त्रास देतो. लेक चालून मोकळी होते म्हणजे चित्र क्लोराइडशी जुळतं. शहाळं पिऊ द्या.

खारीगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, बकऱ्यांसकट. सरांसाठी न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी आणतेय, भूलवाल्या डॉक्टरांची वेळही घेतली. शेवटचं विचारते: मे महिन्यात पोहण्याचा क्लास लावायचा होता. चालेल?

कोपरी_पूर्व

चालेल, पण उडी मारून पाण्यात उतरायचं नाही. गार पाण्यात एकदम शिरलं की हातपाय तिथल्या तिथे अडकू शकतात आणि सुटेपर्यंत माणूस बुडतो. आधी काठावर हातपाय हलवून घ्यायचे, मग उथळ बाजूने पायऱ्यांवरून उतरायचं आणि प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगायचं. मी पंचविशीत शिकलो. सूर अजूनही मारत नाही.