अख्खा स्तन काढायलाच हवा का?

ताई, बहिणीच्या स्तनातली कॅन्सरची गाठ अडीच सेंमीची, मग अख्खा स्तनच काढलेला बरा का, असं तुम्ही विचारलंय. गाठ एकच असेल आणि रेडिएशन घेता येणार असेल, तर बहुधा गरज नाही. मिलान आणि अमेरिकेतल्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. अख्खा स्तन काढणं आणि फक्त गाठेचा भाग काढून रेडिएशन देणं, यांत जगण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही.

आकार बिघडतो तो स्तनाच्या मानाने गाठ मोठी असली की. साधारण २० टक्क्यांहून जास्त भाग गेला तर खळगा पडतो. खालच्या भागातली गाठ काढून नुसते टाके घातले, तर पुढे स्तनाग्र खाली ओढलं जातं. म्हणून शेजारची चरबी-ग्रंथी सरकवून पोकळी त्याच वेळी भरून घ्यावी; रेडिएशनने कातडी ताठरल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते.

काढलेल्या तुकड्याला दिशा कळायला दोरे बांधतात, बहुतेक ठिकाणी वर आखूड आणि बाहेरच्या बाजूला लांब. मग कापलेल्या कडा तपासताना ओळखू याव्यात म्हणून त्यांना शाई लावतात. शाईवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन.

केमो ऑपरेशनच्या आधी देणार असतील तर गाठीत क्लिप (खुणेचा बारीक धातूचा तुकडा) बसवून घ्याच. गाठ विरघळली की जागा सापडत नाही.

आणि नागपूरच्या मे महिन्यात रेडिएशन आलं, तर स्तनाखालची घडी घामाने सोलवटते. तिथे मऊ सुती कापड ठेवा, घासू नका.