पन्नाशीनंतर फाउंडेशन कोणतं? रेषांत बसतंय, गालावर फाटतंय

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. वय ५६, रंग गव्हाळ. गाल कोरडे, नाक आणि कपाळ मात्र सतत घामेजलेलं. दोन्ही गालांवर वांग, डोळ्यांखाली काळं, वरच्या ओठावर बारीक उभ्या रेषा, शिवाय चष्मा. मे महिन्यात लेकीचं लग्न आहे, दादरच्या हॉलवर, मुहूर्त ११ च्या सुमाराचा. सध्याचं मॅट (बिनचमकीचं) फाउंडेशन तासाभरात हसण्याच्या रेषांत जाऊन बसतं आणि गाल पिठाळ दिसतात. कोणत्या प्रकारचं घेऊ? शेड कशी ओळखायची? काउंटरवरची मुलगी दर वेळी एक शेड उजळच पुढे करते. आणि सकाळी ८ ला लावलेलं पंगतीपर्यंत टिकेल कसं? मेकअप स्वतःच करणार आहे.

ब्रश_आणि_पफ

ताई, आधी मेकअप का फाटतो ते बघू, म्हणजे बाटली निवडणं सोपं जाईल. मॅट फाउंडेशनमध्ये सिलिका, टाल्क, केओलिन अशी तेल शोषणारी पूड असते. तेलकट चेहऱ्याला ती ठीक. पाळी गेल्यावर त्वचेचं स्वतःचं तेल कमी होतं, वरचा थर खरखरीत होतो. मग पूड कोरड्या कडांना धरून बसते, थर ताठ होतो आणि हसलं की घडीत ढकलला जातो. वर पावडर मारली की आणखी ताठ.

तुम्हाला हवं सॅटिन फिनिशचं (किंचित तजेला ठेवणारं), मध्यम कव्हरेजचं (डाग बेताचे झाकणारं) पातळ लिक्विड. घटकांत वरच्या ओळींत ग्लिसरीन दिसलं तर चांगलं. 'ड्यूई' (ओलसर तजेल्याचं) घेताना बाटली उजेडात तिरकी धरून बघा. आत चमकीचे कण दिसले तर ठेवून द्या. चमक खड्ड्यावर आणि सुरकुतीवर बोट दाखवते. नुसत्या ब्रँडच्या नावावर जाऊ नका. मेबेलिनच्या 'फिट मी'मध्ये 'मॅट अँड पोअरलेस' वेगळं आणि 'ड्यूई अँड स्मूथ' वेगळं, आणि घाईत भलतंच हातात येतं. एस्टी लॉडरचं 'डबल वेअर' टिकतं खरं, पण ते मॅट आहे; घ्यायचंच तर नाक-कपाळापुरतं. क्रायोलनची फाउंडेशन स्टिक रंगमंचासाठी उत्तम, तुमच्या गालांसाठी नाही.

आता लावायची रीत, कारण अर्ध्याहून जास्त बिघाड इथेच होतो.

तोंड धुऊन ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, वाटाण्याएवढं. ५ मिनिटं थांबा. मग सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. पुन्हा १० मिनिटं. तेवढ्यात केस करून घ्या. गालाला बोट लावून बघा. बोट घसरत असेल तर टिशू दाबून जास्तीचं टिपा. या ओल्या थरावर फाउंडेशन लावलंत तर ते त्वचेवर न बसता क्रीमवर तरंगतं.

फाउंडेशन हाताच्या पाठीवर अर्धा पंप, त्याहून जास्त नको. स्पंज नळाखाली फुगवून पिळा, मग टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळा. पाणी गळणाऱ्या स्पंजाने चट्टे उठतात. सुरुवात नाकाच्या बाजूला आणि गालाच्या मध्यावर, तिथून कानाकडे विरवत न्या. दाबायचं, ओढायचं नाही. हसण्याच्या रेषा आणि वरचा ओठ यांना वेगळं फाउंडेशन द्यायचंच नाही. स्पंजावर जे उरलं असेल तेवढं पुरे. मग हातभर अंतरावरच्या आरशात बघा. मोठं दाखवणारा आरसा या वेळी कपाटात, कारण त्यात बघत बघत माणूस लिंपतच जातो.

गिरगावची_पेटी

शेडचं मी सांगते.

काउंटरवरच्या मुलीला दोष देण्यापेक्षा काउंटरवरच्या दिव्याला द्या. पिवळ्या उजेडात सगळंच खुलतं. जबड्याच्या हाडावर, गालापासून मानेपर्यंत, तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढा. मनगटावर नको, मनगटाचा रंग वेगळा असतो. टेस्टरची बाटली थेट तोंडाला न लावता कोऱ्या इअरबडने घ्या. मग दुकानाबाहेर पडा, १५ मिनिटं फिरा आणि सावलीतल्या उजेडात फोनने फोटो काढा. जी रेघ शोधावी लागते ती तुमची. पंधरा मिनिटं अशासाठी की त्वचेचं तेल मिसळलं आणि द्रव उडाला की बरीच फाउंडेशनं अर्धी-एक शेड गडद होतात.

आपल्याकडे कपाळ आणि ओठांच्या कडा गालांपेक्षा काळपट असतात. त्या 'उजळवायला' म्हणून दोन शेड फिकट घेतली की गव्हाळ चेहरा राखाडी दिसतो, आणि खाली मान भलत्याच बाईची. गालाचा खालचा भाग आणि मान जुळली पाहिजे, बाकीचं त्यात मिसळतं. राखाडी झाक येत असेल तर नुसतं गडद घेऊन भागत नाही, अंडरटोन (रंगाखालची झाक) पिवळसर किंवा ऑलिव्हकडचा घ्या. गुलाबी झाकेचं आपल्या बऱ्याच जणींना फसवतं.

एक गोष्ट लग्नघरात हमखास विसरतात. हळदीनंतर शेड ठरवू नका. वधूची आई म्हणून तुमच्याही गालाला हळद लागणारच, आणि त्यावर सगळंच फाउंडेशन चुकीचं दिसतं. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने घासत बसू नका (घासून गाल सोलवटले की दुसऱ्या दिवशी तिथेच फाटणार). खोबरेल तेल चोळा, दोन मिनिटांनी ओल्या मऊ कपड्याने टिपा, गरज वाटली तर पुन्हा, मग सौम्य फेसवॉश. शेडची खरेदी त्याआधीच, निदान तीन आठवडे.

सायन_६३

एवढं सगळं कशाला? सनस्क्रीन, थोडं कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम), काजळ, टिकली. या वयात फाउंडेशन लावलं की वय दिसतंच.

ब्रश_आणि_पफ

@सायन_६३, रोजसाठी शंभर टक्के मान्य. पण जवळून मारलेल्या फ्लॅशमध्ये वांग आणि डोळ्यांखालचं काळं जास्त उठतं, आणि ते फोटो भिंतीवर लागणार. मधला मार्ग असा की फाउंडेशन लागेल तिथेच. कपाळाच्या कडा, कानाजवळचे गाल, जबड्याचा मागचा भाग तसेच सोडले तर त्वचा त्वचेसारखी दिसते.

दवाखाना_आणि_लाली

प्राइमर आणि वांग, दोन्हींबद्दल थोडं.

प्राइमर (फाउंडेशनआधी त्वचा गुळगुळीत करायला लावतात तो) सगळ्या चेहऱ्याला नको. सिलिकॉनच्या प्राइमरवर पाण्याचं फाउंडेशन घासलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या गुंडाळ्या निघतात. घटकांत सुरुवातीलाच 'डायमेथिकोन' किंवा 'सायक्लोपेंटासिलॉक्सेन' असेल तर ते सिलिकॉनचं. सनस्क्रीनही बऱ्याचदा तसंच असतं. सोपी परीक्षा: सनस्क्रीन, प्राइमर, फाउंडेशन या क्रमाने हातावर लावा आणि चोळा. चुरा निघाला तर जोडी जमत नाही. वरच्या ओठाच्या रेषा आणि नाकाच्या बाजू एवढ्यापुरता मुगाएवढा प्राइमर पुरतो.

वांग झाकायला फाउंडेशनचा थर वाढवू नका, इथेच सगळ्यांचं चुकतं. आधी पीच किंवा फिकट नारिंगी करेक्टर (डागाचा काळपटपणा मारणारं रंगीत क्रीम), मसुराएवढा, बारीक ब्रशने फक्त डागावर. कडा बोटाने विरवा. मिनिटभर थांबून त्यावर फाउंडेशन दाबून. तरी दिसलं तर तेवढ्याच जागी त्वचेच्या शेडचं कन्सीलर. करेक्टर डागाबाहेर गेला की गाल केशरी दिसतो. डोळ्यांखालीही तेच, पण नाकाजवळच्या खळग्यात. पापणीला लागून अजिबात नाही, तिथली त्वचा सर्वांत पातळ आणि सर्वांत जास्त हलते.

'फाउंडेशनमध्येच एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) आहे' म्हणून सनस्क्रीन गाळू नका. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. एवढं फाउंडेशन लावलंत तर मुखवटाच होईल. आणि वांगाला ऊन हा पहिला शत्रू.

फ्लॅशची तालीम घरी करा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलेलं सनस्क्रीन आणि निव्वळ सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशमध्ये पांढरीफट्ट उठते. रात्री दिवा बंद करून एक फोटो काढलात की कळेल.

रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते) लावत असाल तर आठवडाभर आधी थांबवा, पापुद्रे निघतात. फेशियल चार दिवस आधी. ब्लीच नवीन करून बघायची ही वेळ नव्हे.

पार्लेकरीण

खूप आभार सगळ्यांचे. तीन शंका राहिल्या. फाउंडेशनवर टिकली टिकत नाही. चष्म्याचे डाग नाकावर उमटतात. आणि होमापाशी पंखे बंद ठेवतात, तिथे घामाचं काय? पाठवणीला रडू येणार ते वेगळंच.

गिरगावची_पेटी

टिकलीची जागा आधी ठरवा. सगळा मेकअप झाल्यावर ओल्या इअरबडने तेवढंच गोल पुसा, कोरडं होऊ द्या, मग टिकली. गोंदाला त्वचा लागते, क्रीम नाही. नथीच्या जागीही क्रीम आणि फाउंडेशन नावापुरतं, दाबाची नथ घसरते.

चष्म्याच्या पॅडखाली फाउंडेशन टिशूने जवळजवळ पुसून टाका, वर चिमूटभर पावडर. डाग पडायला तिथे काही उरलंच नाही पाहिजे. जबड्याखाली फाउंडेशन नेऊ नका; गळ्यातलं आणि पैठणीच्या ब्लाउजचा काठ दोन्ही खराब होतात.

ब्रश_आणि_पफ

पावडर नाक, कपाळाचा मध्य, हनुवटी एवढीच. पफ पावडरीत बुडवून हातावर झटकायचा, मग दाबायचा. डोळ्यांखाली घडी पडली असेल तर आधी बोटाच्या टोकाने सपाट करा आणि लगेच बारीक ब्रशने कणभर. घडीवरच पावडर टाकली तर ती रेघ संध्याकाळपर्यंत पक्की.

घाम आला की टिशूचा एक पदर सुटा करा, चेहऱ्यावर ठेवा, तळव्याने दाबा, उचला. पुसायचं नाही. ओल्या घामावर पावडर म्हणजे कणीक. चट्टे तिथूनच सुरू होतात. डोळ्यांतलं पाणी टिशूच्या टोकाने खालच्या पापणीपाशीच टिपा, गालावर उतरू देऊ नका. सेटिंग स्प्रे (मेकअप टिकवायचा फवारा) घेतलात तर अल्कोहोल वरच्या ओळींत नसलेला, हातभर लांबून, आणि सुकेपर्यंत हसू नका.

लग्नाआधी एकदा घामाच्या दिवशी, सकाळी ८ ते दुपारी ३, पूर्ण मेकअप लावून घरकाम करून बघा. कुठे फाटतं ते कळलं की त्या जागी थर कमी करा. पर्समध्ये टिशू, लिपस्टिक आणि दोन इअरबड. पावडरची डबी घरी, नाहीतर हात जातोच.