विषय: गावाकडच्या घरी फायबर नाही, सिमचा राउटर चालेल का?

नमस्कार मंडळी,

आमचं घर जांबोटीच्या पुढं, चोर्ला रस्त्यावरून आत. आई-बाबा दोघंच असतात. फायबरवाला एका घरासाठी एवढी वायर ओढायला तयार नाही. बाबांच्या मोबाईलचा रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो, मग संध्याकाळी आईचा चेहरा पडद्यावर थिजतो आणि "आवाज येईना बघ" एवढंच ऐकू येतं. सिमवर चालणारा राउटर बसवला तर भागेल का? पावसाळ्यात टिकेल का?

जांबोटीची, सध्या डब्लिन

---

ताई,

भागेल, पण राउटर घेण्याआधी घरातली रेंज मोजून घ्या. खानापूरजवळचं आमचं घर सिमच्या राउटरवरच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवरच्या काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस इथं सिग्नल स्ट्रेंग्थचा उणे आकडा दिसतो. उणे 85 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 110 च्या पलीकडे गेला तर कॉल अडखळणारच. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. शेजारच्या एखाद्या पोराला वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन घरभर फिरायला सांगा: सोपा, माजघर, माडी, परस. जाड मातीच्या भिंतींआड आकडा पार घसरतो. राउटर टीव्हीशेजारी शोभतो म्हणून तिथं ठेवू नका, जिथं आकडा चांगला तिथंच ठेवा.

फाइव्ह-जी लिहिलंय म्हणून भुलू नका. फाइव्ह-जी बऱ्याचदा 3300 मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतं; त्या भिंतीत आणि झाडीत लवकर विरतात, 850 किंवा 900 च्या लांब पोचतात. राउटर सारखा फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये उड्या मारत असेल तर सरळ फोर-जीवर बांधून टाका.

पावसाचं म्हणाल तर पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही. भिजलेली दाट झाडी अडवते, आणि त्याहून जास्त घोळ लाईटचा. आपल्याकडं वारा सुटला की लाईट गेली, मग टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही गेली. घरच्या राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. अडीअडचणीला ठेवायचं दुसरं सिम नुसतं वेगळ्या कंपनीचं असून चालत नाही. बऱ्याचदा दोन कंपन्या एकाच टॉवरवर असतात, मग दोन्ही एकदमच जातात. दुसरा टॉवर कुठल्या दिशेला आहे ते विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या घरी एक तरी फोन लागलाच पाहिजे.

खानापूर, सध्या मस्कत

---

थोडी भर घालते. आम्ही निपाणीत फायबर घेतलंय. दारात फायबर येत असेल तर तोच घ्यावा, यात मला शंका नाही. ताईंकडं तो नाही, तेव्हा रोजच्या दीड जीबीचं पॅक राउटरला घालू नये. कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो आणि त्यात व्हिडिओ हलतसुद्धा नाही. एचडी सिनेमा तासाला 3 जीबीपर्यंत खातो. जिओनं सप्टेंबर 2023 मध्ये एअरफायबर (टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं इंटरनेट) आणलं, एअरटेलचंही तसं आहे. त्यात महिन्याचा कोटा मोठा मिळतो. पण आपल्या पत्त्यावर मिळतं का ते आधी विचारा.

निपाणी, सध्या टोरांटो

---

दोघांचेही मनापासून आभार. चुलतभावानं मोजलं: माजघरात उणे 114, माडीच्या पूर्वेच्या खिडकीत उणे 93. राउटर माडीवरच ठेवते. दारातला कॅमेरा मला इथून बघता येईल ना?

---

येईल, पण कॅमेरा क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमार्फत, चालणारा घ्या. मोबाईल नेटवर एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळं राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून थेट घरच्या कॅमेऱ्यात शिरायची जुनी पद्धत सहसा चालत नाही. चोवीस तास रेकॉर्डिंग वर पाठवू नका, हालचाल झाली तरच पाठवेल असं ठेवा. नाहीतर बाबांचं कीर्तन मध्येच अडकेल. आणि माडीचा जिना आईंना चढावा लागू नये म्हणून यूपीएसचं बटण खाली काढून घ्या. तिथला वायरमन करून देईल.