मदत हवी आहे: विंडोजवर कॉम्पॅक्शन अडतंय

पायथॉनमध्ये एक छोटी की-व्हॅल्यू (म्हणजे प्रत्येक कीशी जोडलेला डेटा साठवणारी) डेटाबेस लायब्ररी लिहितेय. प्रत्येक नोंद फाइलच्या शेवटी जोडली जाते: आधी ४ बाइटचा सीआरसी-३२ (डेटा बिघडलाय का हे ओळखणारा चेकसम), मग लांबी, मग डेटा. लिहिताना वीज गेली तर शेवटच्या अर्धवट नोंदीचा चेकसम जुळत नाही आणि फाइल उघडताना ती कापली जाते. हे छान चालतं.

अडलंय कॉम्पॅक्शनपाशी, म्हणजे निरुपयोगी झालेल्या जुन्या नोंदी काढून टाकण्यापाशी. चालू नोंदी नव्या फाइलमध्ये लिहून, एफसिंक करून (डेटा डिस्कवर पक्का उतरवून), ओएस.रिप्लेस या पायथॉनच्या फंक्शनने ती जुनीच्या जागी ठेवते. लिनक्सवर त्यानंतर डिरेक्टरीचंही एफसिंक करते. विंडोजवर मात्र दुसऱ्या प्रोसेसने जुनी फाइल उघडी ठेवली असली की 'परमिशन एरर' येतो.

फाइलींना क्रमांक देऊन चालू क्रमांक वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा का? पण तीही कुणीतरी वाचत असणारच! कुणी हे सोडवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. लोकांचा डेटा हरवता कामा नये, बाकी वेग कमी झाला तरी चालेल.