मदत हवी आहे: भाचीचा प्रश्न कोणत्याच विषयात बसत नाही, बीए कुठं करावं?

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षांपासून इथं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहून रायलो, धागा चुकीच्या जागी पडला असेल तर हलवा. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. महाडीबीटी, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, पीकविमा, अर्ध्या तालुक्याचे फॉर्म मी भरतो, पण घरच्याच पोरीच्या फॉर्मात काय लिहायचं ते मला समजत नाही म्हणून तुमच्याकडं आलो.

भाची बारावी आर्ट्सला आहे. दहावीला ८४ टक्के होते, तेव्हा सगळे सायन्स घे म्हणून मागे लागले, तिनं नाही घेतलं. कारण सांगतो. आमच्या गावाजवळून शकुंतला जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर छोटी लाईन, विदर्भातल्या लोकांना सांगायची गरज नाही. माझे वडील म्हणजे तिचे आजोबा त्या गाडीनं बाजाराला जायचे, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं त्याच्या गोष्टी ते अजूनही रंगवून सांगतात (गाडी इतकी हळू चालायची की उतरून बोरं तोडून परत चढता यायचं, हे खरं की थापा देव जाणे). आता गाडी बंद, रुळात गवत. तर या पोरीनं मागच्या उन्हाळ्यात एक दोनशेपानी वही भरवली. सुरुवात आजोबांपासून, मग ही लाईन टाकलीच काऊन, तर कापसासाठी, मग कापूस काऊन, तर १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि पुढं १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्याला सोन्याचा भाव आला. मग देश स्वतंत्र झाल्यावर बाकी रेल्वे सरकारी झाली आणि ही लाईन विलायती कंपनीकडेच कशी राहिली, आणि गाडी बंद पडल्यावर बाजाराला माळवं घेऊन जाणाऱ्या बाया आता कशानं जातात आणि तिकिटाला किती जास्त देतात, त्यासाठी ती आठ-दहा बायांच्या घरी जाऊन विचारून आली.

वही तिनं कॉलेजात दाखवली. इतिहासाचे सर म्हणाले छान आहे पण हे अर्थशास्त्र झालं. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या यात आकडे कुठं आहेत, हे तर समाजशास्त्र. आणि समाजशास्त्र आमच्या इथं शिकवतच नाहीत. पोरगी घरी येऊन म्हणे, "मामा, माझा प्रश्न एकच हाये, मंग थो तीन वर्गात वाटून कसा देऊ?" मला उत्तर देता आलं नाही.

मी माझ्या परीनं शोधलं ते असं. आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (एक मुख्य विषय, एक दुय्यम) आलं आहे, आपल्या राज्यात संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून, म्हणजे कागदावर तरी इतिहास मेजर, अर्थशास्त्र मायनर असं घेता येतं. पण जवळच्या एका सिनियर कॉलेजात (नाव नाही लिहीत, उद्या त्यांचेच पोट्टे माझ्या दुकानात येतात) विचारायला गेलो तर खिडकीवरचे भाऊ म्हणे, मेजरला मराठी नाहीतर राज्यशास्त्र घ्या, बाकीच्याला माणूस नाही. एका वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिनाला डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स, हे मात्र त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. माझे भाऊजी सोबत होते, त्यांना तेवढंच आवडलं. म्हणे, "म्हंजे मधात लगन जुळलं तरी कागद हातात राह्यते." मी गप्प बसलो. पोरगी पण होती तिथं.

पुण्याच्या खाजगी विद्यापीठांची लिबरल आर्ट्सची (अनेक विषय एकत्र शिकायचा कोर्स) फी पाहिली आणि मोबाईल खिशात टाकला. तुळजापूरला टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा) कॅम्पस आहे, तिथं सामाजिक शास्त्रांचा बीए आहे असं वाचलं. बंगलोरला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, तिथं स्कॉलरशिप मिळते म्हणतात. भाऊजींची पाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर. यंदाची वेचणी सुरू आहे, बाया मिळत नाहीत, पोरगी सकाळी स्वतः वेचायला जाते आणि दुपारून अभ्यास.

तर प्रश्न असे. जवळ राहून मेजर-मायनर घेतलं तर खरंच काही मिळतं का? बाहेर पाठवायचं तर फॉर्म कधी निघतात? आणि इंग्रजीचं काय, बारावीपर्यंत सगळं मराठीत झालं आहे. आणि खरा प्रश्न म्हणजे "हे शिकून थे काय करन?" या भाऊजींच्या प्रश्नाला मी काय सांगू? खोटं सांगायचं नाही आहे.

पऱ्हाटी
दादा, पहिले ती वही जपून ठेवा, झेरॉक्स तुमच्याच दुकानात आहे, दोन प्रती काढा.
मी वाशीम जिल्ह्यात सिनियर कॉलेजला शिकवते म्हणून आतलं सांगते. मेजर-मायनर वाईट नाही, पण खेड्यातल्या कॉलेजात निवड ही शिक्षक किती आहेत यावर असते, धोरणावर नाही. खिडकीवर विचारू नका. विभागात जा आणि तीन गोष्टी विचारा: कोणत्या विषयाला पूर्णवेळ माणूस आहे, ओपन इलेक्टिव्हला (मुख्य विषयाबाहेरचे निवडीचे पेपर) यंदा खरोखर कोणते पेपर चालू आहेत, आणि फील्ड प्रोजेक्ट कोण बघतं. फील्ड प्रोजेक्ट आता अभ्यासक्रमातच आहे. बहुतेक ठिकाणी पोरं इंटरनेटवरून उतरवून फाईल देतात, तुमची भाची मात्र तिथं शकुंतलाच घेऊन बसू शकते आणि त्याचे क्रेडिट मिळतात. चौथं वर्ष सगळीकडे नसतं, आणि संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. हे आजच तिच्या कानावर घाला.
एक चांगला शिक्षक असेल तर जवळचं कॉलेज पण चालतं. नसेल तर तीन वर्षं गाईड वाचण्यात जातात, मी रोज बघते.

सांबारवडी
मी पुसदकडची, घरातली पहिली ग्रॅज्युएट, बंगलोरला अझीम प्रेमजीतून बीए केलं. स्कॉलरशिप खरी आहे, घरच्या उत्पन्नावर ठरते, फी आणि होस्टेल-जेवण पूर्ण माफ होऊ शकतं, माझं झालं होतं. चार वर्षांचा कोर्स आहे आणि आता भोपाळला पण कॅम्पस झाला आहे, ते तुम्हाला गाडीनं सोपं पडेल. त्यांची स्वतःची परीक्षा आणि मग मुलाखत असते. फॉर्म बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही, हिवाळ्यातच निघतो, म्हणून आत्ताच साईट बघायला लागा, निकालानंतर हातपाय हलवणारे आमच्या भागातले कितीतरी पोरं तिथंच हुकतात.
इंग्रजीचं खोटं नाही सांगत, पहिलं सेमिस्टर मी बाथरूममध्ये रडून काढलं, वर्गात सगळे हसले की मला वाटायचं माझ्यावरच हसले. पण मदतीचे वर्ग असतात, लिहायला शिकवतात, दुसऱ्या वर्षी मी भांडायला लागले इंग्रजीत. तिला रोज एक पान इंग्रजीत लिहायला लावा, त्याच वहीतलं. मुलाखतीत पण ते तिच्याबद्दलच विचारतील, आणि तिच्याकडं सांगायला आहे.
यवतमाळात सुरू झालेली एकलव्य संस्था आहे, पहिल्या पिढीतल्या पोरांना अशा विद्यापीठांच्या तयारीला मदत करते, त्यांना नक्की विचारा.

निवांत_गडी
टिसला सीयूईटी (विद्यापीठांची देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा) लागते. ही परीक्षा २०२२ पासून आहे, मराठीसह १३ भाषांत पेपर देता येतो, पण पुढं शिकवणं इंग्रजीतच. तुळजापूरचा फायदा असा की अभ्यासक्रमात गावांमध्ये जाऊन काम करणं असतंच, वही घेऊन बायांच्या घरी जाणाऱ्या पोरीला तिथं कोणी वेडी म्हणणार नाही. आणि नागपूर-तुळजापूर हायवे यवतमाळवरूनच जातो, बस सरळ आहे.
भाऊजींना नोकरीचं विचारलं तर सांगा की यातून पोरं एनजीओत, पत्रकारितेत, शासनाच्या प्रकल्पांत, संशोधनात जातात, एमपीएससी-यूपीएससीला बसायला कोणतीही पदवी चालते आणि इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र तिथं लागतंच. पण गॅरंटी कोणी देत असेल तर तो क्लासवाला आहे.

रिकामा_फलाट (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दुकान बंद करून सगळं ताईला वाचून दाखवलं. बंगलोर म्हटल्यावर ती गप्प, तुळजापूर म्हटल्यावर म्हणे, "आई भवानीच्या पायाशी हाये ना, मंग जाऊ दे." म्हणजे निम्मं काम देवीनं केलं, सीयूईटी माहीत नसताना.
भाऊजी वावरातून आले, त्यांनी वही मागितली. वाचत बसले नाहीत, पण बायांच्या नावांची यादी होती ती बोट फिरवून पाहिली आणि म्हणे यात माह्या मायचं नाव नाही, ती पण जायची त्या गाडीनं, वांगे घेऊन. उद्या आजीचं पण लिहून घे म्हणाले पोरीला. यातून काय समजायचं ते समजा, मी अजून हो समजलो नाही.
पऱ्हाटी ताई, सोमवारी विभागात जाऊन तुमचे तिन्ही प्रश्न विचारतो. बंगलोर-भोपाळ आणि सीयूईटी दोन्ही फॉर्म भरायचं ठरवलं आहे. आता एक अडचण धंद्यातलीच निघाली, पोरीच्या आधारवर आणि दहावीच्या मार्कलिस्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे. दुसऱ्यांना मी हेच रोज ओरडून सांगतो. सीयूईटीच्या फॉर्मला हे अडतं का, आणि आधी आधार दुरुस्त करू का बोर्डाकडं अर्ज करू, कोणी यंदा भरला असेल तर सांगा.