फराळाच्या पत्रकावर क्यूआर कोड टाकावा का? (ठाणे)

फराळघर_पाचपाखाडी
घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीआधी पेपरातून टाकायला ए-५ आकाराची ६,००० पत्रकं छापायची आहेत: नौपाडा, पाचपाखाडी आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्या, प्रत्येकी २,०००. वेबसाइट नाही, फक्त व्हॉट्सॲप बिझनेस आणि त्यातला कॅटलॉग. छापखान्यातून ‘क्यूआर टाकाच’ असं सांगतात. ऑर्डरला त्याने खरंच फरक पडतो, की नुसती जागा जाते? कोड केवढा ठेवायचा? रिक्षाच्या मागे आणि सोसायटीच्या लिफ्टमध्येही लावायचा विचार आहे.

जाहिरात_नेरुळ
ताई, टाका, पण कोडाकडून अपेक्षा नेमकी ठेवा. पत्रक बघून ज्याला तुमची चकली मागवावीशी वाटली, त्याला एरवी दहा आकडे टाइप करून नंबर सेव्ह करावा लागतो आणि मग व्हॉट्सॲप उघडावं लागतं. कोडाने ही खटपट वाचते. मागवावंसं वाटायला मात्र फोटो, किलोचा भाव आणि शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेणार हे पत्रकावरच हवं. भाव लपवून ‘स्कॅन करा’ म्हटलं तर फारसं कोणी करत नाही.

दुसरं, भाजीच्या गाडीपासून मेडिकलपर्यंत सगळीकडे कोड पैसे भरण्यासाठी असतो. त्यामुळे लोक सवयीने पेमेंटचं ॲप उघडतात, आणि त्यातली काही ॲप लिंकचा कोड ‘अवैध’ म्हणून परत पाठवतात. म्हणून कोडाच्या वर ‘फराळाची यादी व्हॉट्सॲपवर पाहा’ आणि खाली ‘फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’ एवढं छापाच. यूपीआयचा कोड त्याच पत्रकावर नको, तो ऑर्डर पक्की झाल्यावर पाठवा. फोन नंबर ठळक राहू द्या. फराळ ठरवणारी मंडळी बऱ्याचदा साठीच्या पुढची असतात आणि ती सरळ फोन लावतात.

छपाई_कोरलवाला
मापाचा साधा हिशेब: जितक्या अंतरावरून स्कॅन करणार, त्याच्या दहावा भाग कोडाची रुंदी. पत्रक फूटभर अंतरावर धरतात, म्हणजे ३ सेंटिमीटर पुरे. दुकानाच्या काचेवर दोन मीटरवरून वाचायचा असेल तर २० सेंटिमीटर.

कोड ज्या बारीक काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बनतो, तशा चार चौकटींइतकी पांढरी जागा कोडाभोवती चारही बाजूंना लागते. डिझाइन करणारा नेमकी तिथेच रांगोळीची नक्षी घुसवतो आणि कोड वाचला जात नाही. रंग गडद, मागे पांढरं. पिवळ्यावर केशरी किंवा काळ्यावर पांढरा असा उलटा कोड नको. काळा एकाच शाईचा ठेवा, चार रंगांच्या मिश्रणाचा काळा छपाईत किंचित सरकला तरी कडा फाटतात. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली जेपीजी दाबली जाते, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मध्ये लोगो टाकायचा मोह होतो, त्याबद्दल. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये हा कोड मोटारीच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. कारखान्यात डाग पडणारच, म्हणून थोडा भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी सोय त्यात आहे. तिच्या चार पातळ्या, कोड बनवताना निवडायच्या: एल पातळीवर सुमारे ७ टक्के, एम १५, क्यू २५, एच ३०. लोगो ही राखीव सोय आधीच खाऊन टाकतो, मग पेपराच्या गठ्ठ्यात पत्रक चुरगळलं की काही उरत नाही. तुम्हाला लोगोशिवाय एम पातळी योग्य.

घोडबंदर_रहिवासी
रिक्षाच्या मागे नको. मागची गाडी चार-पाच मीटरवर, म्हणजे कोड अर्धा मीटर रुंद लागेल, आणि चालत्या गाडीतून फोन रोखायला लावणंही धोक्याचं. तिथे नाव आणि नंबर मोठा लिहा.

लिफ्टमध्येही नको. टॉवरच्या लिफ्टमध्ये नेटवर्क जातं, स्कॅन झाला तरी काही उघडत नाही आणि माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही. सेक्रेटरींची परवानगी घेऊन तळमजल्यावर लिफ्टची वाट पाहतात तिथे लावा. लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते. आठवड्यातून एकदा कोडावर बोट फिरवून बघा, वरून दुसऱ्याच कोडाचा स्टिकर चिकटवण्याची फसवणूक होते.

फराळघर_पाचपाखाडी
खूप आभार. एक शंका: स्कॅन केल्यावर ‘नमस्कार, मला दिवाळी फराळाची यादी हवी आहे’ असा मराठी मेसेज तयार यावा, असं करू का? आणि एका साइटवर डायनॅमिक कोड फुकट मिळतोय, तो घेऊ?

जाहिरात_नेरुळ
दोन्ही नको. तयार मेसेज कोडातल्या लिंकमध्येच लिहावा लागतो, आणि तिथे मराठीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा वेगळी धरून, नऊ इंग्रजी अक्षरांएवढी जागा घेतं. नुसत्या नंबरची व्हॉट्सॲप लिंक २६ अक्षरांची, एम पातळीवर तिचा कोड २५ बाय २५ चौकटींचा. फक्त ‘नमस्कार’ जोडलं की तो ४१ बाय ४१ होतो. तुमच्या पूर्ण वाक्याची लिंक ३५० अक्षरांची होते, कोड ७३ बाय ७३. तीन सेंटिमीटरमध्ये चौकट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होते, साध्या फोनला ती पकडायला जड जाते.

त्याऐवजी तयार मेसेजमध्ये इंग्रजी आकड्यांत नुसता भाग क्रमांक ठेवा: नौपाडा १०१, पाचपाखाडी १०२, घोडबंदर १०३. कोड २९ बाय २९ वर थांबतो आणि कोणत्या भागातून विचारणा आली ते मेसेज वाचताच कळतं. यादी पाठवायला व्हॉट्सॲप बिझनेसमधला स्वागत संदेश मराठीत लावून ठेवा. मोजताना स्कॅन नको, दर २,००० पत्रकांमागे किती ऑर्डर पक्क्या झाल्या ते लिहा. फोन करणाऱ्यालाही पत्रक कुठे मिळालं ते विचारा, नाहीतर आकडा अपुरा राहील.

डायनॅमिक कोड त्या साइटच्या पत्त्यावरून फिरून तुमच्याकडे येतो. फुकटची मुदत संपली की पत्रकं लोकांच्या घरात आणि कोड बंद. तुमचा नंबर बदलणार नाही, तेव्हा स्टॅटिकच घ्या, म्हणजे ज्यात थेट तुमचीच लिंक असते तो. लिंकमध्ये नंबरआधी ९१ हवा, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको.

छपाई_कोरलवाला
तीन भाग म्हणजे तीन वेगळ्या प्लेटी (छपाईचे साचे), छापखान्याला आधीच सांगा. ए-३ वर चार ए-५ बसतात, तिन्ही नमुने एकाच शीटवर लावले तर प्लेटचा खर्च वाचतो, पण मग कापल्यावर गठ्ठे वेगळे बांधून घ्यावे लागतील. गठ्ठे मिसळले तर क्रमांकांचा काही उपयोग नाही. आणि छपाईआधी खऱ्या मापाची प्रिंट त्याच कागदावर काढून, संध्याकाळच्या उजेडात, एका जुन्या स्वस्त अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर तिन्ही कोड तपासा.