न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचं गुणोत्तर २.४ आलंय, मुलाच्या धमन्यांना इजा झाली असेल का?

निळीशाई

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. एका साध्या तपासणीत बीपी जास्त निघालं, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजलं. वरचं १३२ ते १३६, खालचं ८२ ते ८४. उंचीच्या मानाने वजन जास्त आहे. लघवी, क्रिएटिनीन, सोडियम-पोटॅशियम व्यवस्थित. युरिक ॲसिड ६.४, अंगातली सूज दाखवणारं एचएस-सीआरपी २.८. चोवीस तासांचं बीपी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय, पण तारखेला अजून वेळ आहे.

तोवर मी रात्री वाचत बसते. बीपी असलेल्या मुलांमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचं गुणोत्तर वाढलेलं असतं आणि त्याचा धमन्या ताठर होण्याशी संबंध दिसतो, असं वाचलं. आमच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ६४ टक्के आणि लिम्फोसाइट २७. भागाकार केला तर २.४ येतं. तेव्हापासून हा आकडा डोक्यातून जात नाही. मुलाला काहीच त्रास नाही, डोकं दुखत नाही, पळतो, खेळतो. आत काय चाललंय ते या आकड्यांवरून कळतं का? मानेच्या धमनीची सोनोग्राफी आत्ताच करून घ्यावी का?

दोनमुलींचाबाबा

ताई, गुणोत्तरातलं मला काही कळत नाही, पण एक नक्की विचारा: पायाचं बीपी मोजलंय का? आमच्या धाकटीचं दंडाला भरपूर यायचं आणि पायाला कमी. खरं तर पायाचं दंडाइतकं किंवा थोडं जास्तच असायला हवं. तिची महाधमनी जन्मापासून एका जागी अरुंद होती आणि मांडीच्या सांध्यातली नाडी नीट लागत नव्हती. कळलं म्हणून उपचार झाले, आता छान आहे.

मुलांचीडॉक्टर

मी मुलांच्या किडनी विभागात आहे. बीपीची मुलं रोज बघते आणि त्यांचे रिपोर्ट हातात घेऊन रात्रभर जागलेल्या आयाही. म्हणून सविस्तर लिहिते.

वरच्या दादांनी सांगितलं ते आधी करा. उजव्या दंडाचं आणि पायाचं बीपी मोजायला काही मिनिटं पुरतात. उजवाच दंड अशासाठी की अरुंद भाग कधीकधी डाव्या हाताकडे जाणाऱ्या फांदीच्या अलीकडे असतो, आणि मग डाव्या हाताचं बीपी खोटं समाधान देतं. पट्टा कोणता वापरला तेही बघा. तुमचा मुलगा अंगाने भरलेला आहे. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. पट्टा लहान पडला तर बीपी उगाच जास्त दिसतं.

आता गुणोत्तर. तुम्ही वाचलं ते खोटं नाही. पोलंडमधल्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलंय. पण त्या अभ्यासांत बीपी असलेल्या मुलांचा एक गट आणि निरोगी मुलांचा दुसरा गट घेऊन दोघांच्या सरासरीची तुलना होते. सरासरीत फरक निघतो, पण प्रत्यक्ष मुलांचे आकडे एकमेकांत पार मिसळलेले असतात. बीपी अगदी उत्तम असलेल्या कितीतरी मुलांचं गुणोत्तर २.४ निघेल. कुठल्या आकड्यापुढे धमनी बिघडली म्हणायची, अशी सर्वमान्य रेषा मुलांसाठी आखलेलीच नाही. तेव्हा २.४ वरून तुमच्या मुलाच्या धमनीबद्दल काहीही ठरत नाही.

मग संशोधक ते मोजतात कशाला? कारण मूळ प्रश्न खूप महत्त्वाचा आहे. २००७ साली उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की टी आणि बी लिम्फोसाइट नसलेल्या उंदरांचं बीपी ते चढवायच्या नेहमीच्या प्रयोगाने तितकं चढत नाही, आणि टी पेशी परत दिल्या की चढतं. म्हणजे बीपी चढण्यात रोगप्रतिकारक पेशींचाही हात आहे. दाब वाढला की धमनीचं आतलं अस्तर दुखावतं, तिला सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, त्या भिंतीत पेशी शिरतात आणि हळूहळू लवचीक तंतूंच्या जागी चिवट कोलॅजन वाढतं. साध्या रक्ततपासणीतून याचा माग लागला तर किती मुलांचं भलं होईल! मलाही ते हवंय. आज ते हातात नाही, एवढंच.

सीआरपीचं वेगळं. पोटाभोवतीची चरबी इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन सोडते आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं. वजन जास्त असलेल्या मुलात २.८ दिसलं तर ते बहुधा वजनाबद्दल बोलतंय.

युरिक ॲसिडबद्दल तुम्हाला कुणीतरी ते उतरवणारं ॲलोप्युरिनॉल हे औषध सुचवेल, म्हणून आधीच सांगते. २००८ साली अमेरिकेत नुकतंच बीपी निघालेल्या आणि युरिक ॲसिड वाढलेल्या ३० किशोरांवर एक चाचणी झाली. चार आठवडे हे औषध घेताना त्यातल्या २० जणांचं बीपी नॉर्मलला आलं, खोट्या गोळीवर फक्त एकाचं. निकाल थक्क करणारा आहे. पण मुलं फक्त ३० आणि औषध असं की क्वचित त्वचेवर जिवावर बेतणारी रिॲक्शन येते. पुढे २०२१ मध्ये तरुण प्रौढांवरच्या चाचणीत युरिक ॲसिड उतरलं, बीपी मात्र उतरलं नाही. मुलग्यांचं युरिक ॲसिड वयात येताना तसंही वाढतं. गोड पेयांनी आणखी वाढतं, ती बंद करा. गोळी नको.

सूक्ष्मदर्शक

लॅबमध्ये काम करतो, तिथलं सांगतो. रक्त द्यायच्या आधीच्या आठवड्यात सर्दी-ताप होता का? जिवाणूंचा संसर्ग असेल तर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइटची टक्केवारी आपोआप खाली येते आणि गुणोत्तर फुगतं. दमवणारा व्यायाम केला, मूल सुईला घाबरून रडलं, स्टेरॉइड चालू असेल, तरी न्यूट्रोफिल चढतात. एचएस-सीआरपी तर साध्या घसादुखीनेही हलतं. एकदाच काढलेल्या नमुन्यावर हिशोब मांडू नका. पुन्हा करायचंच असेल तर मूल पूर्ण बरं झाल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या.

निळीशाई

हो, घसा धरला होता त्याचा! रक्त दिलं तेव्हाही थोडा खोकला होता. हे कुणी विचारलंच नव्हतं आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

डॉक्टर, पायाचं बीपी उद्याच विचारते. पण मानेच्या सोनोग्राफीचं राहिलं. आणि खरं सांगा, झालेली इजा भरून येते का? मला तेवढंच जाणून घ्यायचंय.

मुलांचीडॉक्टर

मानेची सोनोग्राफी आत्ता नको. या वयात मानेच्या धमनीच्या भिंतीचे आतले थर जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असतात. बीपी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या सरासरीतला फरक मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. मशीन बदललं, मोजणारा हात बदलला, तरी तेवढा फरक पडतो. नाडीच्या लाटेचा वेग मोजतात तेही तसंच. मानेत आणि जांघेत नाडी टिपून लाटेला किती वेळ लागला ते बघतात. धमनी जितकी ताठर तितकी लाट जलद पळते. तपासणी सुंदर आहे, मला स्वतःला फार आवडते, पण आकडा वय आणि उंचीप्रमाणे बदलतो. २०१७ च्या अमेरिकन बालरोग अकादमीच्या मार्गदर्शक सूचना या दोन्ही तपासण्या किंवा युरिक ॲसिड प्रत्येक मुलात सरसकट करायला सांगत नाहीत.

तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हवं तेच सांगितलंय. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय का ते दिसतं. मुलांमध्ये बीपीने अवयवावर खूण उमटवली का, हे बघायची सध्याची सगळ्यात भरवशाची जागा ती आहे. चोवीस तासांच्या बीपीवरून दवाखान्यात घाबरून चढणारं बीपी वेगळं काढता येतं, रात्रीचंही कळतं. झोपेत ते दिवसापेक्षा निदान १० टक्के उतरायला हवं. १३ वर्षांपुढे जागेपणीची सरासरी १३०/८० च्या आत आणि झोपेतली ११०/६५ च्या आत हवी. रात्री उतरत नसेल तर मुलगा जोरात घोरतो का, मध्येच श्वास अडकतो का, तेही सांगा. झोपेतला अडकणारा श्वास हे बीपीचं कारण असू शकतं.

इजा भरून येते का? या वयात बऱ्याच अंशी येते, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. फिनलंडमध्ये १९८० पासून मुलांचा पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास चालू आहे. अशा दीर्घ अभ्यासांत लहानपणी बीपी जास्त असलेली पण मोठेपणी नॉर्मलला आलेली माणसं पाहिली. ज्यांचं बीपी तसंच राहिलं त्यांच्यापेक्षा या लोकांमध्ये मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याची जोखीम कमी निघाली. वजनाबाबतही तसंच. लहानपणी जाड असलेली पण मोठेपणी सडसडीत झालेली माणसं मधुमेह, बीपी यांच्या जोखमीत कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास आली. उपचार घेतलेल्या मुलांमध्ये हृदयाची जाडी उतरलेली आम्ही इकोवर बघतो. आणि फरक पडला त्या मुलांमध्ये बहुतेकदा कंबरेचा घेर आधी कमी झालेला असतो, म्हणून मी वजनाच्या काट्याआधी टेप काढते.

दोनमुलींचाबाबा

मग बीपी आटोक्यात येईपर्यंत खेळ बंद ठेवायचा का? आम्हाला त्या वेळी थांबवलं होतं.

मुलांचीडॉक्टर

तुमच्या मुलीला थांबवणं बरोबरच होतं, महाधमनी अरुंद होती. या मुलाचं तसं नाही. पायाचं बीपी आणि इको ठीक असेल तर पळणं, पोहणं, सायकल चालू राहू द्या. आठवड्यातून निदान तीन ते पाच दिवस, ३० ते ६० मिनिटं, घाम येईल इतपत. १४०/९० च्या वर गेलं तर मात्र ते खाली येईपर्यंत जड वजनं उचलणं थांबवायचं. ताई, चोवीस तासांचा पट्टा लावाल त्या दिवशी शाळा चुकवू नका, त्याचा नेहमीचा दिवस असू द्या. पट्टा फुगेल त्या क्षणी हात सैल सोडायचा, एवढं त्याला आधी शिकवून ठेवा. रिपोर्ट आले की इथेच टाका, मी बघते.